डावी बाही, उजवी बाही

सून कामावरून आली ती रोजच्यासारखी सहाला, पण चपला काढल्यावर आत यायच्याऐवजी पायरीवरच बसली. पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढून तिने माझ्या हातात दिला. म्हणाली, बसमध्ये तीनदा वाचला, पण आपलं वाचण्यात काहीतरी चुकतंय असं वाटतं, तुम्ही बघा.

तिचं काही चुकत नव्हतं. बारा वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, त्यावर पुठ्ठ्याचे नमुने ठेवून खडूने आखायचं आणि कापायचं, हे तिचं काम. कागदात लिहिलं होतं की आता कापणारं यंत्र येणार आहे. बेतणारे अकरा जण आहेत. त्यांपैकी चौघांना नमुन्यांच्या खोलीत घेतील, तिथे संगणकावर नमुने आखायचं काम शिकवतील. बाकीच्यांची बदली गावाबाहेरच्या पॅकिंगच्या शाखेत. चौघं कोण, ते एका परीक्षेवरून ठरणार. बुद्धिमत्ता चाचणी, चाळीस प्रश्न, चाळीस मिनिटं, साडेपाच आठवड्यांनी, शनिवारी सकाळी.

गावाबाहेरची ती शाखा म्हणजे दोन बस बदलून जायचं. पहाटे साडेपाचला घर सोडायचं आणि रात्री नऊला परत. आमची भिंगरी साडेआठला झोपते. भिंगरी म्हणजे माझी नात, वय वर्षं आठ, एका जागी कधी बसत नाही म्हणून भिंगरी. माझा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. आता आईही तिला फक्त सुट्टीच्या दिवशीच दिसणार. मी आहे घरात, खाऊपिऊ घालीन, अभ्यास घेईन, पण आजीने कितीही केलं तरी ती आजीच.

"हिला यातलं काही कळू द्यायचं नाही," सून म्हणाली. आतून भिंगरीच्या उड्यांचा आवाज येत होता. "परीक्षा आहे एवढंच सांगू."

मी म्हटलं, बरं. आणि मग म्हटलं की आपण तयारी करू. तेहेतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलंय, चाळीस प्रश्नांना काय घाबरायचं. ती हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. तिने शाळा नववीत सोडली आहे. गणिताच्या मास्तरांनी एकदा साऱ्या वर्गासमोर सांगितलं होतं की हिच्या डोक्यात कापूस भरलाय, आणि ते वाक्य तिच्याबरोबर लग्न होऊन आमच्या घरी आलं. हिशेब चुकला, किल्ली विसरली, की स्वतःच म्हणते, कापूसच ना शेवटी. मला दर वेळी त्या न पाहिलेल्या मास्तरांचा राग येतो, आणि आमच्याच धंद्यातला माणूस म्हणून थोडी लाजही वाटते.

संध्याकाळ भिंगरीची, त्यामुळे आम्ही सकाळ धरली. सहा ते सात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी दुकानातून सराव प्रश्नांचं एक पुस्तक आणलं, एक शंभर पानी वही आणली आणि पेन्सिलींना टोकं काढून ठेवली. तिने वहीवर स्वतःचं नाव घातलं, खाली रेघ ओढली आणि उगाच ती रेघ दोनदा गिरवली.

पहिल्या सराव चाचणीत तिला चाळीसपैकी सतरा मिळाले. पहिल्या चौघांत यायचंच, शिवाय कारखान्याला निदान अठ्ठावीस हवे होते.

आकड्यांच्या मालिका तिला दोन दिवसांत जमल्या. तीन, पाच, आठ, बारा, पुढे काय, असं विचारलं की ती क्षणभर थांबायची आणि सांगायची, सतरा. कसं काढलंस विचारलं तर म्हणाली, मापं वाढवतो तसंच आहे, एका मापावरून पुढच्या मापावर जाताना किती सोडायचं ते बघायचं.

विधानं आणि निष्कर्ष या भागाने मात्र तिला फार छळलं. सर्व टेबलं पुस्तकं आहेत, काही पुस्तकं आंबट आहेत, तर काही टेबलं आंबट आहेत असं नक्की म्हणता येईल का? तिने पुस्तक उलटं करून मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव बघितलं.

"आई, हा माणूस शुद्धीत होता का?"

मी म्हटलं, गोष्टीतला कावळा बोलतो तेव्हा आपण कुठे हटकतो? गोष्टीपुरतं खरं धरतो आणि पुढे जातो. तसंच हे. त्याने म्हटलंय ना टेबल म्हणजे पुस्तक, मग म्हणू दे. आपण फक्त त्याचं बोलणं एकमेकांशी जुळतं का ते बघायचं.

तिने थोडा विचार केला. "म्हणजे साहेब जे सांगतील ते खरं धरायचं आणि डोकं फक्त पुढच्या कामाला लावायचं. ते जमतं मला, बारा वर्षं तेच करतेय."

मग तिने तो भागही धडाधड सोडवला. आंबट टेबलांवरून आमची सकाळ हसण्यात जायची. कारखान्यात कटिंग मास्तरांना शिकवणीची बातमी कळली होती. ते तिला विचारायचे, सासूबाई कान पिळतात की नुसते अंगठे धरायला लावतात? ती सांगायची, दोन्ही, आणि वर चहाही मलाच करायला लावतात. ते खोटं होतं. चहा मी करायची.

गाडी अडली ती आकृत्यांपाशी, आणि चाळीसपैकी बारा प्रश्न आकृत्यांचे होते.

तो प्रकार असा असतो. वर एक आकृती देतात, समजा एक झेंडा, त्याच्या काठीला खालच्या बाजूला उजवीकडे एक छोटा हुक. खाली अ, ब, क, ड अशा चार आकृत्या. विचारतात, यांतली कुठली आकृती म्हणजे वरचीच आकृती, फक्त फिरवलेली? एक बरोबर असते. दोन तर उघडच वेगळ्या असतात. आणि एक फसवी असते, आरशात दिसावी तशी, डाव्याचं उजवं झालेली. ती कितीही गरगर फिरवली तरी मूळ आकृतीवर बसत नाही.

सून दर वेळी त्या उघड चुकीच्या दोन बरोबर वगळायची, आणि उरलेल्या दोहोंत अडकायची. कधी बरोबर उत्तर द्यायची, बहुतेकदा फसवं. बारापैकी तीन, बारापैकी चार, एकदा दोन. मी तिला आरसा आणून दाखवला. घड्याळाचे काटे फिरवून दाखवले. कागदाचा झेंडा कापून टेबलावर फिरवून दाखवला. ती मान हलवायची, समजलं म्हणायची, आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. पहिलीच्या मुलांना उलटा आकडा काढताना मी शेकड्यांनी पाहिलंय. माझ्या मनाने घेतलं की हिच्या डोळ्यांना डावं-उजवं दिसतच नाही.

त्यातच एका सकाळी भिंगरी लवकर उठली. आईच्या खुर्चीमागून डोकावली आणि एका क्षणात म्हणाली, "ब. आई, ब आहे, दिसत नाही का तुला?"

उत्तर ब-च होतं. सुनेने आधीची खूण खोडून ब वर खूण केली आणि मुलीच्या केसांवरून हात फिरवला, पण तिचे कान लाल झाले होते. मी भिंगरीला दात घासायला पिटाळलं. आणि मग, जे करायला नको होतं ते मी केलं. पुढच्या प्रश्नाला ती पुन्हा चुकली तेव्हा मी म्हटलं, "अगं, नीट बघ ना."

तेहेतीस वर्षांत हे वाक्य मी किती मुलांना म्हटलं असेल, देव जाणे. मुलं मान खाली घालतात आणि पुन्हा बघितल्यासारखं करतात. सून मोठी माणूस होती. तिने वही मिटली, पेन्सिल वहीत ठेवली.

"बघतेच आहे, आई. मला दोन्ही सारख्याच दिसतात." मग उठून म्हणाली, "डबे भरायचेत."

दुसऱ्या दिवशी सहाला मी टेबलावर एकटीच होते. तिसऱ्या दिवशीही. ती उठलेली होती, न्हाणीघरात कपडे धूत होती, आणि तिने ते काम रोजच्यापेक्षा पुष्कळ लांबवलं. मी हाक मारली नाही. वही तिची होती, ती टेबलावर राहू दिली. परीक्षेला दोन आठवडे उरले होते आणि मला कळत होतं की हिने मनातल्या मनात पॅकिंगच्या शाखेची बस धरायला सुरुवात केली आहे. शुक्रवारी तिने मला विचारलंही, भिंगरीची वेणी तुम्हाला घट्ट घालता येते ना? सहज विचारल्यासारखं विचारलं. मी म्हटलं, येते.

रविवारी ती भिंगरीचा फ्रॉक बेतायला बसली. पोरीचे हात एवढे वाढले होते की जुन्या बाह्या कोपरापर्यंत चढायच्या. त्याच टेबलावर तिने साधं निळं कापड दुहेरी घडी करून अंथरलं. मी शेजारी भाजी निवडत होते. तिच्याकडे बघायचं असं ठरवलं नव्हतं, पण ती काम करत असली की बघितल्यावाचून राहवत नाही. पुठ्ठ्याचा बाहीचा नमुना तिने एकदा कापडावर ठेवला, काढला, वळवला, पालथा केला, थोडा सरकवला, शेजारच्या तुकड्याच्या खोलगट भागात त्याचा फुगीर भाग नेऊन बसवला आणि खडू फिरवला. हे सगळं होईपर्यंत माझी एक शेंगही सोलून झाली नव्हती.

मी विचारलं, "ही डावी बाही की उजवी?"

"दोन्ही," ती म्हणाली. "कापड दुहेरी आहे ना. एक कापली की दोन निघतात, एक डावी, एक उजवी. आणि एकेरी कापड असलं तरी काय, पुठ्ठा उलटवला की झालं. बाही तीच."

बाही तीच. मी हातातली शेंग खाली ठेवली.

मग मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. विचारलं, "त्या पुस्तकातल्या आकृत्यांत शेवटी दोन उरतात ना, त्यांतली एक तू कशी निवडतेस?"

ती जरा लाजली. आपली चूक पकडायला विचारतात की काय, असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, "खरं सांगू? दोन्ही बरोबरच असतात. मग ज्या तुकड्याने कापड कमी वाया जाईल तो घेते. शेजारच्याला जो जास्त चिकटून बसेल तो."

मी हसले नाही. तीन आठवडे मी हिला डावं-उजवं शिकवत होते, जिने आयुष्यात लाखभर बाह्या कापल्या आणि एकाही सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लागू दिल्या नाहीत. तिला फरक दिसत होता, आणि बारा वर्षांच्या कामाने तिला शिकवलं होतं की हा फरक फरक नव्हे. त्या पुस्तकाला कापड ठाऊक नव्हतं, आणि मला त्या पुस्तकापलीकडचं काही ठाऊक नव्हतं.

मी तिला म्हटलं, "चूक माझी आहे. तुला दिसत नाही असं मी धरून चालले. तुला माझ्यापेक्षा एक गोष्ट जास्त दिसत होती. विचारायचंच राहिलं, बघ."

ती खडू हातात धरून तशीच उभी राहिली. सासू चूक कबूल करते आहे हे तिला एकदम पचेना. शेवटी म्हणाली, "मग त्यांना काय हवंय? दोन्ही का चालत नाहीत?"

मी सांगितलं की त्यांच्या खेळात पुठ्ठा टेबलावरून उचलायचा नाही असा नियम आहे. सरकवा, गोल फिरवा, पण पालथा घालू नका. असं कुठलं कापड असतं का, मी विचारलं, ज्याला पालथं केलेलं चालत नाही? मखमल?

"नाही, मखमल नको. मखमलीला लव असते, ती फिरवूनही चालत नाही, दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात." तिने कपाट उघडून एक तुकडा काढला. पांढऱ्यावर बारीक हिरवे ठिपके, एकाच बाजूने छापलेले, मागची बाजू फिकी. "हे धरा. ठिपक्यांना वर-खाली नाही, फिरवलं तरी कळत नाही. पण उलटवलं की संपलं, फिकी बाजू वर येते. कटिंग मास्तर कानाखाली वाजवतील."

"मग त्या पुस्तकातली प्रत्येक आकृती या कापडाची आहे असं समज."

तिने पुस्तक ओढून घेतलं. खडूचे हात पुसायलाही थांबली नाही. पहिल्या आकृतीवर बोट ठेवलं, मग अ वर, मग क वर. "क मध्ये फिकी बाजू वर आलीय," ती म्हणाली. "अ." पुढची. "ड. ब फिकी." पुढची. भाजी तशीच राहिली. बारापैकी दहा बरोबर आल्या. जिथे चुकली तिथे आकृतीत तीन रेघा एकमेकींत घुसल्या होत्या, आणि तिथे मीसुद्धा चुकले.

सोमवारी सहाला ती माझ्याआधी टेबलाशी होती.

पुढचे दोन आठवडे आम्ही फिक्या बाजूची भाषा बोललो. मी नुसतं पान उघडायची आणि ती बोट फिरवत सांगायची, फिकी, फिकी, सुलटी. घड्याळ लावून सराव केला. अखेरच्या चाचणीत तिला तेहेतीस मिळाले. तिने आकडा बघितला, वही माझ्याकडे सरकवली, पुन्हा मोजा म्हणाली. मी पुन्हा मोजले. तेहेतीसच होते.

शनिवारी परीक्षेहून ती दुपारी परतली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. भिंगरी शेजारी खेळायला गेली होती. पाणी पिऊन झाल्यावर तिने सांगितलं की कागद फिरवायचा नाही असा तिथे नियम होता. घरी ती दर आकृतीला पुस्तक गोल फिरवायची, आणि मला कधी सुचलंच नाही की तिथे फिरवू देणार नाहीत. परीक्षा घेणारी मुलगी टेबलांमधून हिंडत होती. हिने कागद फिरवला तशी ती आली आणि कागद सरळ करून गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, तिसऱ्यांदा केलंत तर पेपर काढून घेईन.

"मग?" मी विचारलं.

"मग मला रडूच आलं. दोन-तीन मिनिटं तशीच गेली. शेवटी म्हटलं, थर कुठे फिरवता येतात? कारखान्यात टेबल केवढं मोठं, थर शंभर. तिथे मीच टेबलाभोवती फिरते. खुर्चीवरून उठता येत नव्हतं, मग मनातल्या मनात उठले आणि फिरले. या बाजूने जाऊन बघितलं, त्या बाजूने जाऊन बघितलं." ती थांबली. "तीन प्रश्न राहिले, आई. हात लावायलाही वेळ उरला नाही."

मी तिची पाठ थोपटली आणि जेवायला वाढलं.

निकाल बुधवारी कामाची वेळ संपताना फळ्यावर लागणार होता. त्या दिवशी मी भिंगरीची वेणी दोनदा घातली, एकदा सकाळी शाळेसाठी आणि एकदा संध्याकाळी उगाच. दुसऱ्यांदा ती ओरडली की दुखतं, आई एवढं ओढत नाही. सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटं झाली. भिंगरी खिडकीत चढून बसली. चित्राच्या तासाला तिने काढलेलं घर आईला दाखवायचं होतं, आणि ते आधी मला दाखवायला ती तयार नव्हती.

सव्वासहाला फाटक वाजलं. सून पायऱ्या चढून आली. तिने माझ्याकडे बघितलं आणि भिंगरीच्या डोक्यावरून नुसती मान हलवली, एकदाच, खाली. मग चपला काढता काढता हळूच म्हणाली, "एकतीस. चौथी."

पाचवी कोण, हे मी विचारलं नाही. तिने स्वतःच सांगितलं, टेबलाशी तिच्या शेजारी उभी राहणारी, एका गुणाने हुकली. फळ्यासमोर दोघी उभ्या होत्या, म्हणून बस चुकली. सुनेचे डोळे सुजले होते, आणि ते कशाने सुजले हे तिलाही धड सांगता आलं नसतं.

"किती उशीर केलास," भिंगरी म्हणाली. ती कमरेवर हात ठेवून मध्येच उभी होती. "मी सहापासून बसलेय. तुला सहाला यायचं असतं ना?"

"हो गं. चुकलंच माझं."

"उद्या?"

"उद्या सहाला."

"परवा?"

"परवापण."

"आणि त्याच्यानंतर?"

सून तिथेच जमिनीवर बसली, पाठ भिंतीला टेकून. पिशवी अजून खांद्यालाच होती. "रोज," ती म्हणाली. "रोज सहाला."

भिंगरीला त्यात विशेष काही वाटलं नाही. आई सहालाच येते, नेहमीच येते, त्यात सांगण्यासारखं काय. तिने चित्राचा कागद आईच्या मांडीवर पसरला आणि घराला खिडक्या पाच का आहेत ते सांगायला सुरुवात केली. सून ऐकत राहिली. मधूनच विचारत राहिली, आणि ही खिडकी कुणाची? मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.